लोकलच्या घाईत अनोळखी माणसाला मदत कशी करायची

सगळ्यात आधी हेडफोनचा एक कान मोकळा ठेवा, खरंच सांगते, कारण कोणीतरी "ताई, ही गाडी थांबेल का" विचारत असतं आणि आपल्याला ऐकूच येत नाही. वाट चुकलेला माणूस लगेच कळतो, तो इंडिकेटरकडे बघतो, मग हातातल्या कागदाकडे, मग परत इंडिकेटरकडे. आपण दोन पावलं पुढे व्हायचं आणि विचारायचं, "काका, कुठे जायचंय?"

गाडी कुठली हवी असं नका विचारू, शेवटी पोचायचं कुठे ते विचारा. दादरला हे रोज होतं. परळच्या टाटा हॉस्पिटलला जाणारे पेशंट लांबून लांबून येतात, सोबत एक्स-रेची मोठी पिशवी, आणि विचारतात फक्त "परेल?" मी एकदा घाईघाईत एका आजोबांना "ही समोरची सीएसएमटी, बसा" म्हणून मोकळी झाले. ती फास्ट होती, परळला थांबतच नाही, थेट भायखळा. गाडी हलल्यावर माझ्या लक्षात आलं आणि ते आजोबा दारातून माझ्याकडे बघून हात जोडत होते, आभार मानत होते. आजही आठवलं की पोटात कालवतं. तेव्हापासून नियम केलाय की आधी इंडिकेटरवर स्लो की फास्ट बघायचं, मग तोंड उघडायचं, आणि सांगताना "सीएसएमटी स्लो, पुढचंच स्टेशन परळ, तिथे उतरा" असं पूर्ण सांगायचं. खात्री नसेल तर सरळ "मला नक्की माहीत नाही, थांबा विचारू" म्हणा, त्यात काही कमीपणा नाही. दादरला अजून एक गोंधळ आहे, तिथे वेस्टर्न आणि सेंट्रल दोन्ही लाइन आहेत, डिसेंबर २०२३ पासून सेंट्रलचे प्लॅटफॉर्म ८ ते १४ झालेत, वेस्टर्नचे १ ते ७ तसेच, पण जुने नंबर सांगणारे अजून भेटतात, तर नंबरसोबत वेस्टर्न की सेंट्रल तेही सांगा.

आता गाडीतलं. संध्याकाळी विरार फास्टमध्ये कोणी नवीन मुलगी बॅग घेऊन चढायला लागली आणि तिला अंधेरीला उतरायचं असेल तर तिला तिथेच अडवा, गाडी थांबते पण गर्दी उतरू देत नाही. "यात नको चढूस, मागून बोरिवली येते ती पकड" एवढंच. आणि ती आधीच आत असेल तर दोन स्टेशनं आधीपासून पुढच्या बायकांना "हिला अंधेरी उतरायचंय, जरा पुढे येऊ द्या" म्हणत तिला दाराकडे सरकवा, बायका देतात जागा, एकीने आवाज दिला की पुढची पुढे सांगते.

उभ्या बाईकडे बाळ असेल तर बाळ मागू नका, आधी पिशवी मागा. अनोळखी हातात बाळ द्यायला जीव होत नाही. बसलेले असाल तर अर्थात उठायचंच.

अंध माणसाचा हात धरून ओढू नका. "मदत करू का, कुठल्या डब्यात?" विचारा आणि आपलं कोपर पुढे करा, ते स्वतः धरतात आणि आपल्या चालीने येतात. पायरी आली की सांगायचं, बस.

कोणाला चक्कर आली तर मधेच चेन ओढू नका, दोन स्टेशनांच्या मधे गाडी थांबली तर डॉक्टर येणार कुठून? रेल्वेच्या हेल्पलाइनला, १३९ ला, फोन करून गाडी आणि डबा सांगा, पंख्याखाली जागा करा, पुढच्या स्टेशनला उतरवून स्टेशन मास्तरांना कळवा. एकटं लहान मूल दिसलं तर स्वतः घेऊन फिरू नका, आहे तिथेच थांबा, आरपीएफच्या, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाच्या, माणसाला बोलवा किंवा मुलांची हेल्पलाइन १०९८ लावा. आणि रस्त्यावर अपघात झालेल्याला हॉस्पिटलला न्यायला घाबरू नका, २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या बदलानंतर मदत करणाऱ्यावर आपलं नाव-पत्ता द्यायची सक्ती नाही. मी हे ओळखीतल्या सगळ्यांना सांगते, कारण पोलीसांच्या भीतीनेच लोक बघत उभे राहतात.

कोणी फोन करायला मोबाईल मागितला तर नंबर विचारून स्वतः लावा आणि स्पीकरवर धरा, त्यांचंही काम होतं आणि फोन आपल्याच हातात राहतो. खायला द्यायचं असेल तर सीलबंद बिस्किटचा पुडा द्या. नको म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका, प्रवासात अनोळखी माणसाकडून काही खायचं नाही हे त्यांना घरून बजावलेलं असतं आणि ते बरोबरच आहे.