प्लायखालच्या वायरींना नंबर घालताना

अंबडच्या एमआयडीसीत पंचवीस वर्षं कंट्रोल पॅनलचं वायरिंग केलं. आता घरी आठ बाय चार फुटांच्या प्लायवर कसारा-इगतपुरी रेल्वे घाटाचं चालतं मॉडेल उभं करतोय, एचओ स्केलमध्ये, म्हणजे १:८७, खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याएवढं. बोगदे, दरी वर दिसतात. गाडी चालते ती खालच्या वायरींवर.

आधी नंबर ठरवा, मग वायर कापा. माझ्याकडे रुळांना १०० ची मालिका, पॉइंट मोटरना (गाडीचा रूळ बदलणाऱ्या) २००, सिग्नलना ३००, दिव्यांना ४००. एका वायरच्या दोन्ही टोकांना एकच नंबर. कागदी स्टिकर लावू नका, नाशिकच्या पावसाळ्यात त्यांचा डिंक सुटतो. पॅनलवाले वापरतात ते पिवळे फेरूल, म्हणजे आकडा छापलेल्या छोट्या नळ्या, घ्या आणि वायरच्या टोकाचा धातूचा लग दाबायच्या आधीच ओवा; लग बसला की फेरूल वर चढत नाही. आकडे सुटे ओवायचे असतात, त्यामुळे इंग्रजी ६ उलटा गेला की ९ होतो. वाचायची दिशा सगळीकडे एकच ठेवा.

गेल्या श्रावणात माझं इगतपुरी यार्ड अचानक बंद पडलं. टेबलाखाली उताणा पडून दोन तास शोधत होतो आणि शोधत होतो चुकीच्या बाजूला! खालून बघताना डावं-उजवं उलटं होतं, हे डोक्यातच आलं नाही. त्याच दिवशी प्लायच्या खालच्या अंगाला खडूने रूळ आखले, जाड मार्करने ‘कसारा’, ‘इगतपुरी’ लिहिलं आणि प्रत्येक भोकाशेजारी वायरचा नंबर टाकला. हे काम रूळ बसवण्याआधी, प्लाय उभा असतानाच करा. पाठ वाचते.

रुळांसाठी लाल-काळी १.५ स्क्वेअर एमएमची मुख्य जोडी, तिच्यावरून दर तीन फुटांवर ०.५ ची बारीक जोडी. रुळाला रूळ जोडणाऱ्या नुसत्या फिशप्लेटवर विसंबू नका. खऱ्या घाटात १:३७ चा चढ आहे, म्हणजे ३७ फुटांना एक फूट; तिथे मागून ढकलायला बँकर इंजिनं लावतात. मॉडेलचं इंजिनही चढावर जास्त करंट ओढतं, म्हणून ढिला जोड आधी तिथेच कळतो. २३० व्होल्टची वायर या गठ्ठ्यात कधीही बांधू नका, तिला वेगळी वाट द्या.

केबल टाय शेवटी. आधी मल्टिमीटर बीपवर ठेवा (वायर सलग असली की वाजतो), दोन्ही टोकं तपासा, वहीत नंबर, रंग आणि कुठून कुठे ते लिहा. मगच पुढची वायर कापायला घ्या.