नाकाबंदीतून सुटलात, आता पुढच्या वेळचं ठरवा

हवालदाराने काच खाली करायला लावली, टॉर्च तोंडावर मारला, मागे रांग वाढली म्हणून ‘जा पुढे’ म्हणाला. किंवा मशीनमध्ये फुंकलंत आणि आकडा मर्यादेच्या खाली आला. दोन्ही वेळा सुटका झाली, पण गाडी चालवण्याच्या स्थितीत होतात हे त्यातून ठरत नाही. शेवटचा पेग घाईत रिकामा करून लगेच निघालं, की दारू अजून पोटातच असते. ती रक्तात पूर्ण उतरायला साधारण अर्धा ते दीड तास लागतो. म्हणजे पुण्यात कोरेगाव पार्कात मशीन ‘ठीक’ म्हणतं आणि कोथरूडला पोचेपर्यंत आकडा चढलेला असतो.

कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. एका स्मॉलमध्ये, म्हणजे ३० मिली व्हिस्कीत, सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. ७० किलोच्या पुरुषाचा आकडा एका लार्जवर, म्हणजे दोन स्मॉलवर, ४०च्या आसपास जातो, ५५ किलोच्या बाईचा ६०च्या पुढे. ‘मी फक्त बिअर घेतो, गाडी मीच चालवतो’ म्हणणाऱ्यांनी बाटलीवरची बारीक अक्षरं वाचावीत. ८ टक्क्यांची ६५० मिलीची स्ट्राँग म्हणजे चार स्मॉल, आणि तिचा ३३० मिलीचा पाइंट म्हणजे दोन. हे सगळे अंदाजाचे आकडे आहेत. रिकामं पोट, कमी वजन, अपुरी झोप यांनी तेही बिघडतात. तेव्हा हिशोब करून मर्यादेच्या काठावर बसायच्या भानगडीत पडू नका.

घरच्या पार्टीत तर हिशोबच नसतो. एकदा करून पाहा: नेहमीच्या ग्लासात नेहमीच्या खुणेपर्यंत पाणी भरा आणि खोकल्याच्या औषधाच्या १० मिलीच्या झाकणाने मोजत ओता. ज्याला आपण स्मॉल म्हणत होतो त्यात पाच-सहा झाकणं निघाली, तर तो लार्ज आहे.

खरं काम घरातून निघतानाचं. रात्री साडेअकराला ‘चालवू का नको’ हा प्रश्न ज्या डोक्याला विचारायचा, ते डोकं तेव्हा प्यायलेलं असतं. म्हणून प्यायचं ठरलं असेल तर किल्ली घरच्या खुंटीवरून काढायचीच नाही. जाताना मेट्रो घ्या. कोरेगाव पार्कसाठी बंडगार्डन, कल्याणीनगरसाठी त्याच नावाचं स्टेशन, जंगली महाराज रोडसाठी डेक्कन. येताना मेट्रो बंद झालेली असेल, तेव्हा रिक्षा किंवा कॅब. मध्यरात्रीनंतर रिक्षाला जादा आकार पडतो, तो बिलाचाच भाग समजा. तासावर मिळणारा ड्रायव्हर हवा असेल तर दुपारीच सांगून ठेवा. थर्टीफर्स्टला आणि गटारीला रात्री अकराला शोधलात तर मिळणार नाही.

मित्रांपैकी एकजण न पिणारा ठरवला असेल, तर पहिला ग्लास भरण्याआधी किल्ली त्याच्या खिशात गेली पाहिजे, आणि त्याचं जेवण बाकीच्यांनी द्यावं, एवढी तरी माणुसकी असावी. दुचाकीवर ही युक्ती चालत नाही. झिंगलेला माणूस मागे बसला की वळणावर उलट्या बाजूला कलतो, डुलकी लागली तर पडतो. त्याला रिक्षातच घाला. पानशेत, मुळशीकडे जात असाल तर रात्री कॅब मिळेल हे गृहीत धरू नका. तिथे मुक्काम तरी करा, नाहीतर पिऊ नका.

लिंबू, काळी कॉफी, गार पाण्याची आंघोळ, ओकारी यांनी रक्तातला आकडा उतरत नाही. वेलची आणि मसाला पान फक्त वास झाकतात. ‘अमुक चौकात लागलीय’ सांगणारे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही सोडा. ते तुम्हाला गल्लीबोळातून नेतात, आणि तिथेच अंधारात कुणीतरी शतपावली करत असतं.

पुन्हा अडवलंच तर वाद न घालता फुंका. नकार दिला तर अटक होऊन रक्ततपासणीला नेऊ शकतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळी १५,००० रुपये दंड, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. हे प्रकरण कोर्टात जातं, जागेवर पावती फाडून मिटत नाही. तोडपाणी करायला जाल तर लाच देणं हा वेगळा गुन्हा. शिवाय पिऊन ठोकलेल्या गाडीच्या दुरुस्तीचा क्लेम विमा कंपनी नाकारते.

तीनदा ठरवून तिन्ही वेळा मोडलं असेल, तर प्रश्न गाडीचा राहिलेला नाही. येरवड्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, तिथे बोलून या.

दुसऱ्या दिवशीची सकाळ बहुतेकजण विसरतात. शरीर रक्तातला हा आकडा तासाला साधारण १५नेच उतरवतं. रात्री आठला सुरू करून ७० किलोच्या माणसाने तीन स्ट्राँग रिचवल्या, तर झोप झाल्यावरही सकाळी नऊला आकडा ६०च्या घरात, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट असू शकतो. त्या दिवशी ऑफिसला बसनेच जा. गाडी बाहेर ठेवून आला असाल तर रात्रीच पी-१, पी-२ची पाटी वाचून ठेवा. तारीख सम-विषम बदलली की पार्किंगची बाजू बदलते आणि गाडी टोइंगवाले उचलतात. तसं असेल तर सकाळी घरातल्या कुणाला किल्ली देऊन पाठवा, तुम्ही दुपारनंतर हात लावा.