पाकिटावर क्यूआर कोड कोणता छापायचा? आधी पत्ता कोणाचा, ते बघा

मागच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर सावद्याहून केळी वेफर्सवाल्या दादांचा फोन आला. "ताई, पाकिटावरचा कोड मेला." त्यांच्या पाकिटाचा नमुना माझ्याकडे होता. मी लगेच स्कॅन केला. छपाई चोख होती, कोड झटकन वाचला गेला. पण उघडलं ते एका परदेशी साइटचं पान: हा कोड बंद आहे, चालू करायला पैसे भरा. दादांच्या भाच्याने तो कोड एका साइटवर फुकट बनवला होता. चौदा दिवस फुकट आणि मग वर्गणी, हे बारीक अक्षरात लिहिलेलं त्याने वाचलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं, दिला तसा कोड लावून छापून दिला. तोवर आठ हजार पाकिटं भरून, नायट्रोजन मारून, भुसावळपासून बऱ्हाणपूरपर्यंत दुकानांत पोचली होती. शेवटी दादांना वर्षाची वर्गणी भरावी लागली, नाहीतर दुकानातलं प्रत्येक पाकीट गिऱ्हाइकाला बंद दार दाखवत राहिलं असतं.

जळगावात आमचा लेबल-पाऊच छपाईचा धंदा वडिलांपासूनचा आहे. लग्नपत्रिका आणि बिलबुकांपासून सुरुवात झाली, आता निम्मं काम वेफर्स, मसाले, पापड आणि बिबड्यांच्या पाकिटांचं असतं. सावद्याच्या त्या फोननंतर कोड घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिला प्रश्न हाच विचारते: हा कोड जिथे उघडतो, तो पत्ता कोणाच्या नावावर आहे?

स्टॅटिक, डायनॅमिक आणि तिसरा रस्ता

स्टॅटिक कोडात तुमचा पत्ता त्या काळ्या-पांढऱ्या चौकोनांतच लिहिलेला असतो. त्याची मुदत संपत नाही, कोणाला वर्गणी द्यावी लागत नाही. छापला की मात्र बदलता येत नाही.

डायनॅमिक कोडाबद्दल लोकांचा समज असतो की तो काहीतरी वेगळ्या जातीचा कोड आहे. तसं नाही. त्यातही एक छोटा पत्ता कायमचाच छापलेला असतो, फक्त तो कोड विकणाऱ्या कंपनीचा असतो. गिऱ्हाईक आधी त्यांच्या दारात जातं आणि तिथून ते त्याला तुमच्या पानाकडे पाठवतात. म्हणून मागाहून पान बदलता येतं, किती जणांनी स्कॅन केलं ते कळतं. पण दार त्यांचं. वर्गणी थकली, कंपनी बंद पडली, की दार बंद.

मी सगळ्यांना तिसरा रस्ता सांगते. स्वतःच्या नावाचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा स्वतःचा पत्ता, घ्या. डॉट इन डोमेनला वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आत खर्च येतो. त्या डोमेनवर एक छोटा पत्ता तयार करा आणि तोच पत्ता स्टॅटिक कोड म्हणून छापा. तो पत्ता पुढे कुठे न्यायचा, हे तुम्ही डोमेनच्या सेटिंगमध्ये कधीही बदलू शकता. आज व्हॉट्सॲपवर न्या, उद्या स्वतःच्या साइटवर. डायनॅमिकचा सगळा फायदा मिळतो आणि किल्ली तुमच्या खिशात राहते. साइट करून देणाऱ्याला एवढं सांगा की पुढे पाठवणं ३०१ प्रकारचं नको, ३०२ प्रकारचं ठेव. ३०१ म्हणजे कायमचा बदल. काही फोन तो लक्षात ठेवतात आणि तुम्ही पान बदललं तरी गिऱ्हाइकाला जुन्याच ठिकाणी नेतात.

डोमेन घेताना मालकाचं नाव, मालकाचा फोन, मालकाचा ईमेल. भाच्याचा नको, साइटवाल्याचा नको, माझाही नको. भाचा उद्या पुण्याला नोकरीला जाईल आणि नूतनीकरणाचा मेसेज त्याच्या जुन्या नंबरवर येत राहील.

कोणतं पाकीट किती स्कॅन होतं, हे कळावं म्हणून लोक डायनॅमिककडे वळतात. त्यालाही सोपी वाट आहे. १०० ग्रॅमच्या पाकिटाला पत्त्याच्या शेवटी एक खूण द्या, ५०० ग्रॅमला दुसरी. मोजणी तुमच्या साइटवर आपोआप वेगळी होते.

मग डायनॅमिक घ्यावाच का? घ्यावा, जेव्हा माल महिन्याभरात संपणार असतो. यात्रेपुरता स्टॉल, दिवाळी फराळाचे डबे, लग्नातल्या भेटीची पाकिटं. तिथे वर्गणी संपेपर्यंत पाकीटही कचऱ्यात गेलेलं असतं.

छपाई कोणती, त्यावरही कोड ठरतो

पाऊचची फिल्म बहुतेक वेळा ग्रॅव्ह्युअर मशीनवर छापली जाते. प्रत्येक रंगाचं तांब्याचा थर दिलेलं, कोरलेलं सिलिंडर असतं. एकदा कोरलं की त्यात फेरफार नाही, नवीन सिलिंडर करावं लागतं. शिवाय फिल्म किलोवर निघते, थोडकी छापून मिळत नाही. तेव्हा सिलिंडरवर जाणारा कोड पाच वर्षं टिकेल असाच हवा. तिथे मी तिसऱ्या रस्त्याशिवाय दुसरं काही लावत नाही.

प्रत्येक बॅचचा वेगळा कोड हवा असेल, म्हणजे ही केळी कोणत्या दिवशी तळली, कोणत्या शेतातली, तर तो सिलिंडरवर बसूच शकत नाही. त्यासाठी पाऊचवर पांढरी मोकळी जागा सोडायची आणि भरताना तिथे बारकोड प्रिंटरने काढलेलं स्टिकर लावायचं. इथे एक गोष्ट जपा. स्टिकरचा प्रिंटर दोन प्रकारे छापतो. नुसत्या उष्णतेने काळा होणारा कागद स्वस्त पडतो, पण उष्णतेत काळवंडतो आणि तेल लागलं की फिका पडतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, बंद टेम्पोत त्याहून कितीतरी जास्त. तिथे तो कागद चालत नाही. रिबन लावून छापणारा, थर्मल ट्रान्सफर प्रिंटर घ्या.

कोडात किती भरायचं

पारोळ्याच्या एक आक्का ज्वारीची बिबडी आणि कुरडया करतात. त्यांना साइट नको होती. "माझी गोष्टच त्या कोडात लिही ना ताई," त्या म्हणाल्या. मन मोडवेना, म्हणून मी करून बघितलं. कोडात देवनागरीचं एकेक चिन्ह साठवायला तीन बाइट (बाइट हे साठवणीचं माप) लागतात. काना, मात्रा, अनुस्वार, सगळे वेगळे मोजले जातात. आक्कांचा मजकूर २०० चिन्हांचा होता, म्हणजे ६०० बाइट. मध्यम दुरुस्ती पातळीवर (कोडाचा थोडा भाग खराब झाला तरी तो वाचता यावा, यासाठीची ही सोय) त्याला ९३ बाय ९३ चौकोनांचा कोड लागला. दोन सेंटिमीटरच्या जागेत बसवला तर एकेक चौकोन जेमतेम पाव मिलिमीटरचाही नाही. मॅट पाऊचवर शाई थोडी पसरली की तो गिचका होतो. आक्कांना तो छापील नमुना हातात दिला, त्यांच्या मुलाच्या फोनने तो वाचला नाही, आणि मग त्या स्वतःच म्हणाल्या, "राहू दे, पान कर." त्यांची गोष्ट आता त्यांच्या पानावर आहे, त्यांच्याच आवाजात, अहिराणीत.

याउलट २६ इंग्रजी अक्षरांपर्यंतचा पत्ता त्याच मध्यम पातळीवर फक्त २५ बाय २५ मध्ये बसतो. सगळा पत्ता इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहिला तर ३८ अक्षरंही तेवढ्यात मावतात, कारण मोठी अक्षरं आणि आकडे कोडात कमी जागा घेतात. डोमेनच्या नावाला मोठ्या-छोट्या अक्षरांचा फरक पडत नाही, पण तिरक्या रेघेनंतरच्या भागाला पडू शकतो. तो भाग साइटवाल्याकडून मोठ्या अक्षरांतच करून घ्या.

आता माप. एक चौकोन ०.६ मिलिमीटरचा धरा. २५ चौकोन म्हणजे १५ मिलिमीटर. चारी बाजूंना चार-चार चौकोनांची कोरी पट्टी लागतेच, ती धरून जवळपास २० मिलिमीटर झाले. या कोऱ्या पट्टीवर सगळ्यांचा डोळा असतो. कोणी तिथे नक्षी मागतो, कोणी फोन नंबर. ती पट्टी कोडाचाच भाग आहे, ती गेली तर फोनला कोड कुठे सुरू होतो ते कळत नाही.

दुरुस्तीच्या चार पातळ्या आहेत: एल, एम, क्यू, एच. अंदाजे ७, १५, २५ आणि ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचला जातो. हा कोड जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा यांच्या गटाने १९९४ मध्ये गाड्यांचे सुटे भाग मोजण्यासाठी काढला, त्यामुळे कारखान्यातला मळ आणि तेल सोसण्याची सोय त्यात पहिल्यापासून आहे. वेफर्सच्या पाकिटाला तीच कामी येते. म्हणूनच कोडाच्या मधोमध लोगो ठेवायला माझा जीव होत नाही. तेल आणि घडीसाठी राखलेली सवलत लोगो आधीच खाऊन टाकतो. तरी हवाच असेल तर एच पातळी घ्यावी लागते, आणि तोच २६ अक्षरांचा पत्ता २५ ऐवजी ३३ बाय ३३ चौकोन मागतो. माझी पसंती एम, म्हणजे वर सांगितलेली मध्यम पातळी. मसाला किंवा लोणच्यासारखं तेलकट काही असेल तर क्यू.

रंगाचं थोडक्यात. गडद कोड, फिकट पार्श्वभूमी. वेफर्सच्या पिवळ्यावर काळा उत्तम. खान्देशी काळ्या मसाल्याच्या गडद पाकिटावर पांढरा कोड छान दिसतो, पण काही फोन उलटा कोड वाचत नाहीत. तिथे पांढरी चौकट काढून आत काळा कोड लावा. लाल कोड नको, कारण बिलिंगच्या लाल उजेडाच्या स्कॅनरला लाल रंग पांढऱ्यासारखाच दिसतो. पारदर्शक फिल्मवर कोडाखाली पांढऱ्या शाईचा थर मागून घ्या.

जागा निवडताना हवा भरलेलं पाकीट डोळ्यांसमोर आणा. मधोमध ते फुगतं, मागे उभी शिवण असते, वर-खाली सीलच्या रेघा असतात. खालच्या सीलपासून दोन बोटं वर, शिवणीच्या एका बाजूला, तिथे पाकीट सगळ्यात सपाट राहतं.

मग रेघांचा बारकोड काढून टाकायचा का?

नाही. मॉलमधला साधा लेझर स्कॅनर फक्त रेघांचा बारकोड वाचतो, क्यूआर त्याला दिसतच नाही. २०२७ अखेरपर्यंत दुकानांच्या बिलिंगवर दोन्ही प्रकार वाचता यावेत, असं जीएसवन या बारकोडचे नंबर देणाऱ्या संस्थेचं जगभरासाठीचं उद्दिष्ट आहे. तोवर दोन्ही छापा, एकमेकांपासून थोडे लांब. तुम्ही मोठ्या साखळी दुकानांत किंवा निर्यातीत जाणार असाल तर जीएसवन डिजिटल लिंक हा प्रकार आत्ताच समजून घ्या. त्यात तुमच्याच डोमेनच्या पत्त्यात ०१ नंतर मालाचा १४ अंकी नंबर आणि १० नंतर बॅच येते. त्याच एका कोडाने बिलही होतं आणि गिऱ्हाइकाला पानही दिसतं. पत्ता लांबतो, त्यामुळे कोड थोडा मोठा होतो.

मायक्रो क्यूआर किंवा डेटा मॅट्रिक्स लहान दिसतात म्हणून काही जण मागतात. बऱ्याच फोनचा साधा कॅमेरा ते वाचत नाही. गिऱ्हाइकासाठी असेल तर साधा क्यूआरच.

आणि कोड आहे म्हणून पाकिटावरचा मजकूर कमी करू नका. एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना नंबर, घटक, वजन, किंमत, तारीख हे सगळं छापलेलंच लागतं. जळगाव केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून त्याचं चिन्ह पाकिटावर टाका असं अनेक जण सांगतात. त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. ती असेल तर चिन्ह जरूर छापा, नोंदणीचा कागद पानावर ठेवा.

"पैसा कटतीन का?"

चोपड्याच्या बाजारात आमच्या एका गिऱ्हाइकाच्या स्टॉलवर मी दिवसभर बसले होते. एका आजोबांनी पाकीट उलटसुलट करून विचारलं, "हाई काय शे? पैसा कटतीन का?" गेल्या काही वर्षांत क्यूआर म्हणजे पैसे देण्याचा कोड, हेच डोक्यात बसलंय, आणि फसवणुकीच्या बातम्यांनी भीती बसलीय ती वेगळीच. नुसत्या स्कॅनने पैसे जात नाहीत, पुढे आपण स्वतः मंजुरी द्यावी लागते, हे प्रत्येकाला कोण सांगत बसणार? म्हणून कोडाशेजारी ठळक मराठीत ओळ हवीच: "ही केळी कुठली, ते पाहा" किंवा "बिबडी तळायची कशी, ते पाहा". 'स्कॅन करा' एवढं पुरत नाही.

युपीआयचा कोड पाकिटावर छापू नका. तो काउंटरवर शोभतो. बँकखातं बदललं तर छापलेला माल वाया जातो, आणि शेजारी दोन कोड असले की गिऱ्हाईक गोंधळून दोन्ही सोडून देतं.

छपाईला होकार देण्याआधी संगणकावरच्या चित्रावर विसंबू नका. त्याच फिल्मवर काढलेला नमुना मागा, त्यात माल भरा, हवा मारा, तळव्याला तेल लावून कोडावरून हात फिरवा. मग तीन फोनांनी स्कॅन करा, त्यातला एक जुना, काच तडकलेला असू द्या. एकदा दुकानातल्या पिवळ्या बल्बखाली, एकदा दुपारच्या उन्हात, कारण चकचकीत फिल्म उन्हात चमकते आणि कोड पुसल्यासारखा होतो. तसं झालं तर कोडापुरतं मॅट फिनिश मागता येतं. पान मोबाइल डेटावर उघडून बघा, घरच्या वायफायवर नव्हे. फोटो जड असतील तर मुक्ताईनगरच्या स्टँडवर गिऱ्हाईक फिरणाऱ्या चक्राकडे बघत बसतं आणि बसमध्ये चढून निघून जातं.

प्रत्येक रोलमधलं एक पाकीट तारीख घालून ठेवून द्या. आमच्या प्रेसमध्ये त्यासाठी एक खण आहे. दर महिन्याच्या एक तारखेला मी त्यातली सगळी स्कॅन करते. सावद्याच्या दादांचं नवीन पाकीट त्यात सगळ्यात वर असतं.