जठराचा लिम्फोमा आणि गुणसूत्रं: पुण्यात सायटोजेनेटिक्सकडे वळणाऱ्यांसाठी

झुऑलॉजी, बायोटेक किंवा जेनेटिक्समधली एमएस्सी झाली की पुण्यातली बहुतेक मुलं एनसीसीएस आणि आयसर या संशोधन संस्थांकडे डोळे लावून बसतात. नेट परीक्षेचा अभ्यास जरूर करा. पण रुग्णांच्या नमुन्यांवरचं सायटोजेनेटिक्स, म्हणजे पेशींतल्या गुणसूत्रांची तपासणी, हाही एक रस्ता आहे आणि त्याची चौकशी फारसं कुणी करत नाही. मी इथल्या एका खासगी प्रयोगशाळेत हेच काम करते. कुणी नवीन आलं की मी रक्ताच्या कॅन्सरमधल्या फिलाडेल्फिया गुणसूत्रापासून सुरुवात करत नाही, ते सगळ्यांचं घोकून झालेलं असतं. मी जठराचा लिम्फोमा, म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, समोर ठेवते. जंतू, गुणसूत्र आणि औषध यांचा एकमेकांशी इतका थेट संबंध क्वचितच कुठे दिसतो.

निरोगी जठराच्या अस्तरात लिम्फॉइड (लिम्फोसाइटची) ऊती जवळपास नसतेच. हेलिकोबॅक्टर पायलोरीचा संसर्ग वर्षानुवर्षं राहिला की ती तिथे तयार होते. या जंतूला ओळखणाऱ्या टी पेशी शेजारच्या बी पेशींना चेतवत राहतात आणि कधीतरी एकाच बी पेशीची संतती माजते. हा माल्ट लिम्फोमा (माल्ट म्हणजे श्लेष्मल अस्तरातली लिम्फॉइड ऊती). पीटर आयझॅकसन आणि डेनिस राइट यांनी त्याचं वर्णन १९८३ मध्ये केलं. पुढे १९९३ मध्ये आयझॅकसन यांच्याच गटाने दाखवलं की नुसता जंतू मारला तरी ही गाठ विरू शकते. अँटिबायोटिकने मागे हटणारा कॅन्सर! आजार सुरुवातीच्या टप्प्यात असेल तर साधारण चारांतल्या तिघांमध्ये असं होतं. आपलं काम सुरू होतं ते उरलेल्या चौथ्यापाशी.

त्या चौथ्याच्या पेशींत बऱ्याचदा ११ आणि १८ या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते. ११क्यू२१ (११ व्या गुणसूत्राच्या लांब भुजेवरचा २१ क्रमांकाचा पट्टा) वरचं बीआयआरसी३ (जुन्या लेखांत याचंच नाव एपीआय२) आणि १८क्यू२१ वरचं माल्ट१ ही जनुकं एकमेकांना जोडली जातात. हे जोडजनुक १९९९ मध्ये सापडलं. जठराच्या माल्ट लिम्फोमांपैकी सुमारे २० ते २५ टक्क्यांत ते असतं. एरवी बी पेशीला बाहेरून इशारा मिळाला तरच बीसीएल१० आणि माल्ट१ ही प्रथिनं मिळून एनएफ-कप्पा-बीचा, म्हणजे पेशीला जगायला आणि वाढायला लावणारा, मार्ग चालू करतात. जोडजनुकाचं प्रथिन इशाऱ्याची वाटच बघत नाही. मग जंतू मेला काय नि जगला काय, पेशी वाढतच राहते.

१ आणि १४ मधली अदलाबदल दुर्मिळ आहे. तिच्यात बीसीएल१० हे इम्युनोग्लोब्युलिनच्या (अँटिबॉडीच्या) जड साखळीच्या जनुकाशेजारी येतं आणि बेसुमार बनू लागतं. शेवट तिथेच, एनएफ-कप्पा-बीपाशी. त्यामुळे स्थानांतरणांची (अशा अदलाबदलींची) यादी पाठ करत बसू नका. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: हे त्या मार्गापर्यंत कुठून पोचतं? आणखी एक गोष्ट नवख्यांना उलटी वाटते. ११;१८ (११ आणि १८ मधली अदलाबदल) असलेल्या गाठींत सहसा दुसरे मोठे बदल नसतात आणि त्या मोठ्या पेशींच्या आक्रमक लिम्फोमात क्वचितच रूपांतरित होतात. ३ किंवा १८ क्रमांकाचं जादा गुणसूत्र मिळतं ते बहुतेक वेळा ११;१८ नसलेल्या गाठींत.

मुलाखतीत मी हमखास विचारते तो प्रश्न १४;१८ चा. सगळे ताबडतोब 'बीसीएल२, फॉलिक्युलर लिम्फोमा' म्हणून मोकळे होतात. पण माल्ट१ सुद्धा १८क्यू२१ वरच, बीसीएल२ या जनुकाच्या जवळ आहे. गुणसूत्रांवरचे पट्टे बघून या दोन अदलाबदली वेगळ्या ओळखता येत नाहीत, त्यासाठी फिश, म्हणजे ठरावीक जनुकाला चिकटणाऱ्या चमकत्या प्रोबची तपासणी, लागतं. माल्ट१ ची १४;१८ जठरात फार कमी सापडते, डोळ्याभोवतीच्या ऊतींत जास्त.

आता हाताचं काम. पहिले काही महिने रक्ताचे कॅरिओटाइप (पेशीतल्या सगळ्या गुणसूत्रांची क्रमवार मांडणी) करण्यात जातात, आणि ते गेलेच पाहिजेत. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत स्लाइड इतक्या पटकन वाळते की गुणसूत्रं नीट पसरत नाहीत. जुलैत तक्रार नेमकी उलटी. जठराच्या बायोप्सीचा तुकडा मात्र चिमूटभर असतो आणि येतो तोही बहुतेकदा फॉर्मॅलिनमधून पॅराफिनच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे पेशीविभाजन बघायचा प्रश्नच मिटला. तिथे माल्ट१ चा ब्रेक-अपार्ट प्रोब लावतात. शाबूत जनुकाचे लाल-हिरवे ठिपके एकत्र दिसतात, तुटलं असेल तर लाल एकीकडे आणि हिरवा दुसरीकडे. एकत्र ठिपक्यांच्या तीन जोड्या दिसल्या तर जनुक तुटलेलं नाही, १८ ची जादा प्रत असू शकते. जनुक तुटलंय एवढंच हा प्रोब सांगतो. जोडीदार बीआयआरसी३ आहे का, हे बघायला फ्यूजन प्रोब वेगळा. शिवाय तीन-चार मायक्रॉनच्या कापात केंद्रकंही अर्धवट कापली जातात, त्यामुळे एखाददुसरा ठिपका हरवला म्हणून लगेच निष्कर्ष काढायचा नाही.

म्हणूनच मी सांगते, आधी हिस्टोपॅथॉलॉजीवाल्यांशी, म्हणजे ऊतींचे काप तपासणाऱ्यांशी, गट्टी करा. लिम्फोमाच्या पेशी कुठे आहेत हे पॅथॉलॉजिस्टने एच अँड ई रंग दिलेल्या स्लाइडवर खूण करून दिलं नाही तर तुम्ही सूज आलेल्या भागातल्या साध्या पेशी निवांतपणे मोजत बसाल. इंटर्नशिप मागताना 'फिश शिकायचंय' एवढंच म्हणू नका, ब्लॉक कापण्यापासून रिपोर्टपर्यंत एका नमुन्याबरोबर राहू द्या म्हणा. आमच्याकडे तरी अशा अर्जाला लवकर उत्तर जातं.

रिपोर्ट लिहिताना मात्र हात आवरता ठेवायचा. ११;१८ सापडलं म्हणजे अँटिबायोटिक निरुपयोगी, असं आपण लिहीत नाही. जंतू असेल तर डॉक्टर तो मारतातच, काही रुग्णांना त्याने फायदाही होतो. फक्त गाठ विरण्याची शक्यता कमी आहे हे त्यांना आधीच कळतं, आणि पुन्हा एंडोस्कोपी केव्हा करायची, रेडिएशनचा विचार कधी सुरू करायचा, हे ते त्यावरून ठरवतात.