हँडीकॅमचं शूटिंग जुन्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये कसं घ्यायचं

लोणंदहून तरडगावकडे जाताना चांदोबाच्या लिंबाला माउलींच्या पालखीचं उभं रिंगण होतं. ते मी हँडीकॅमवर घेतलं, साताऱ्याला घरी येऊन कार्ड कॉम्प्युटरला लावलं, तर विंडोज एक्सपीवरच्या माझ्या जुन्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये एकही फाइल उघडेना. नवं सॉफ्टवेअर घे, असं सगळेच सांगतात. पण माझी मराठी टायटल्स युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधली आहेत, ती त्या जुन्या मशीनवरच नीट दिसतात. ज्यांचं असंच अडलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय.

कार्डवरच्या एमटीएस फाइल एव्हीसीएचडी प्रकारच्या असतात. सोनी आणि पॅनासॉनिकने तो २००६ साली आणला. त्यात चित्र एच.२६४ मध्ये आणि आवाज बहुतेक वेळा डॉल्बी डिजिटलमध्ये असतो. जागा वाचवण्यासाठी बऱ्याचशा फ्रेममध्ये आधीच्या-नंतरच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच साठवलेलं असतं. जुनी सॉफ्टवेअर मिनी डीव्ही कॅसेटच्या काळातली, आणि डीव्हीत प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते. म्हणून आपल्याला डीव्ही पाल एव्हीआय फाइल करून घ्यायची आहे (पाल म्हणजे आपल्याकडची टीव्हीची पद्धत).

पहिलं काम, अख्खं कार्ड जसंच्या तसं हार्डडिस्कवर कॉपी करा. प्रायव्हेट, एव्हीसीएचडी, बीडीएमव्ही, स्ट्रीम अशी फोल्डरात फोल्डर असतात. नुसत्या स्ट्रीममधल्या फाइल उचलू नका. मी तेच केलं होतं. लांब शॉट असला की कॅमेरा त्याचे तुकडे पाडतो. तुकडे वेगवेगळे कन्व्हर्ट केले आणि नेमका जोडावर ‘माउली, माउली’चा गजर क्षणभर गायब झाला. कॅमेऱ्यासोबत मिळालेल्या सॉफ्टवेअरने इम्पोर्ट केलं की हे तुकडे सलग जोडून मिळतात. लांब शूटिंगला तोच मार्ग धरा.

मग मीडियाइन्फो या मोफत प्रोग्राममध्ये एक फाइल उघडून बघा. १९२० बाय १०८० किंवा १४४० बाय १०८०, सेकंदाला २५ फ्रेम, इंटरलेस्ड, टॉप फील्ड फर्स्ट, असं काहीसं दिसेल. कागदावर टिपून ठेवा, पुढे लागतं; इंटरलेस्ड आणि फील्ड म्हणजे काय तेही पुढे सांगतो.

कन्व्हर्जन घरातल्या त्यातल्या त्यात नव्या मशीनवर करा, जुन्यावर रात्र जाईल. हँडब्रेक इथे उपयोगाचं नाही, एव्हीआय देणं त्याने २००९ मध्येच बंद केलं. मी शटर एन्कोडर वापरतो, तेही मोफत आहे. फाइल ओढून टाका, डीव्ही पाल निवडा, आस्पेक्ट, म्हणजे चित्राच्या रुंदी-उंचीचं प्रमाण, १६:९ ठेवा. चित्र ७२० बाय ५७६ होईल, म्हणजे एचडीचा बारकावा जाणार. शेवटी डीव्हीडीच करायची असेल तर त्याचं वाईट वाटून घेऊ नका, पालच्या डीव्हीडीचंही मोठ्यात मोठं चित्र तेवढंच असतं. आवाज ४८ किलोहर्ट्झ स्टीरिओ ठेवा.

तासाभराच्या डीव्हीला सुमारे १३ जीबी लागतात. फाइल न्यायची डिस्क एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली असू द्या. एफएटी३२ वर ४ जीबीच्या पुढे फाइल जात नाही, म्हणजे जेमतेम १९ मिनिटं.

आता खरी मेख, फील्डची. इंटरलेस्ड चित्रात एक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची असते, एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम. दोन्ही एकाच क्षणी टिपलेली नसतात, मध्ये सेकंदाचा पन्नासावा भाग जातो. एव्हीसीएचडीत वरचं फील्ड आधी, डीव्हीत खालचं. हा क्रम उलटला की उभा माणूस ठीक दिसतो, पण दौडणारा अश्व पुढे-मागे, पुढे-मागे थरथरतो. माझ्या पहिल्या फाइलमध्ये पताका घेतलेला स्वार आणि अश्वाचे पाय असेच हिसके देत होते.

म्हणून सगळं शूटिंग एकदम लावू नका. ज्यात वेगाची हालचाल आहे असे दहा सेकंद कन्व्हर्ट करा, डीव्हीडी करून टीव्हीवर बघा. कॉम्प्युटरच्या पडद्यावर कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसतात, त्याला घाबरू नका, इंटरलेस्ड चित्र तिथे तसंच दिसतं. टीव्हीवर थरथर दिसली तरच क्रम चुकलाय. तो सेटिंगमध्ये जमलाच नाही तर कन्व्हर्ट करतानाच डीइंटरलेस करा, म्हणजे अर्ध्या चित्रांऐवजी सलग पूर्ण चित्रं करून घ्या. हालचाल थोडी कमी सफाईदार होते, पण थरथर जाते. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्ट उघडताना डीव्ही पाल वाइडस्क्रीन, ४८ किलोहर्ट्झ, लोअर फील्ड फर्स्ट निवडा. डीइंटरलेस केलं असेल तर नो फील्ड्स.

फाइल आत आल्यावर शेवटच्या मिनिटाला जाऊन ओठ आणि आवाज जुळतात का ते बघा. माणसं बारीक-उंच दिसली तर आस्पेक्ट ४:३ राहिलाय, क्लिपच्या प्रॉपर्टीमध्ये वाइडस्क्रीन करा. आणि कार्डची ती पूर्ण कॉपी आणखी एका डिस्कवर घेतल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका.