मताधिकाराचा इतिहास लिहिताना या चुका टाळा

नागपुरात बर्डीवरच्या आमच्या अभ्यासिकेत दर रविवारी मी मुलांची दीर्घोत्तरं तपासतो. मताधिकाराचा प्रश्न आला की सनावळी धडाधड उतरते, तरी मार्क जातात. साल बरोबर असतं. त्या साली मत नेमकं कोणाला मिळालं आणि कोण बाहेर राहिलं, तिथे गाडी घसरते.

सगळ्यात जास्त वेळा लाल पेन चालवावं लागतं ते या वाक्यावर: “१८३२ च्या कायद्याने इंग्लंडच्या सामान्य माणसाला मत मिळाले.” नाही मिळालं. तोवर ओल्ड सेरमसारख्या ओस पडलेल्या जागेचे दोन खासदार होते आणि मँचेस्टरचा स्वतःचा एकही नव्हता. ती विसंगती मोडली, हे खरं. पण शहरात मत मिळालं ते वर्षाला १० पौंड किमतीचं घर असणाऱ्याला. गिरणीतला मजूर बाहेरच राहिला. म्हणूनच १८३८ मध्ये चार्टिस्टांनी, म्हणजे कामगारांच्या मतासाठी लढणाऱ्या चळवळीने, सहा मागण्यांची सनद पुढे केली. हा ‘म्हणूनच’ उत्तरात आला, की परीक्षकाला कळतं तुम्हाला विषय समजलाय. आणखी एक: मतदार म्हणजे ‘पुरुष’ हे कायद्यात स्पष्ट लिहिलं गेलं तेही १८३२ मध्येच.

पुढे मत मिळालं ते १८६७ ला शहरी कामगारांना, १८८४ ला ग्रामीण. यात गोंधळ सहसा होत नाही. होतो तो १८७२ च्या गुप्त मतदानाला एका ओळीत उरकल्यामुळे. त्याआधी मत उघड द्यावं लागे. कुळाने जमीनदाराच्या माणसांसमोर उभं राहून नाव उच्चारायचं आणि संध्याकाळी त्याच जमिनीवर परत जायचं. अशा मताला काय अर्थ? माझ्या मते गुप्त मतदानाला किमान एक परिच्छेद हवाच.

“१९१८ मध्ये ब्रिटिश स्त्रियांना समान मताधिकार मिळाला” हेही चूक. पुरुषांना २१ व्या वर्षी, स्त्रियांना ३० नंतर, तेही मालमत्तेची किंवा पदवीची अट घालून. गंमत बघा, त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने स्त्रीला २१ व्या वर्षी निवडणूक लढवता येऊ लागली, पण स्वतःला मत देता येत नव्हतं! समानता आली १९२८ मध्ये.

आता आपल्याकडे. “ब्रिटिशांनी १९०९, १९१९, १९३५ च्या कायद्यांनी टप्प्याटप्प्याने प्रौढ मताधिकार दिला” हे वाक्य कृपया लिहू नका. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकांत मतदार होते तीन कोटींच्या आसपास. मालमत्ता, कर, शिक्षण यांच्या चाळणीतून उरलेले. बऱ्याच स्त्रियांचं नाव यादीत होतं ते नवऱ्याच्या मालमत्तेच्या जोरावर. सर्व प्रौढांना मत ही मागणी १९२८ च्या नेहरू अहवालात होती, आणि ती पूर्ण केली आपल्या संविधानाने, कलम ३२६ मध्ये. १९५१-५२ ला यादी १७ कोटींच्या वर गेली. ही पायरी नव्हे, झेप होती.

त्या झेपेतही एक ठेच आहे, आणि ती जवळजवळ कोणीच लिहीत नाही. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ एवढंच सांगणाऱ्या सुमारे २८ लाख स्त्रिया, मुख्यतः उत्तरेकडच्या राज्यांतल्या, स्वतःचं नाव न सांगितल्यामुळे यादीतून वगळल्या गेल्या. मी हे वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, माझ्या पणजीचं खरं नाव आमच्या घरात कोणालाच माहीत नाही.” वर्ग गप्प झाला. त्या दिवसापासून तिच्या उत्तरात हा मुद्दा कधी सुटला नाही.

मतदानाचं वय २१ वरून १८ झालं ते ६१ व्या घटनादुरुस्तीने. १९८८ की १९८९ यावर वाद घालू नका: संसदेत मंजुरी डिसेंबर १९८८, अंमल २८ मार्च १९८९. दोन्ही लिहा.

शेवटची चूक खास आपली, नागपूरकरांची. “१९५२ मध्ये महाराष्ट्रातील नागपूरमधून...” अहो, तेव्हा महाराष्ट्र राज्य कुठे होतं? नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं. अनसूयाबाई काळे १९५२ मध्ये इथून लोकसभेवर निवडून गेल्या तेव्हा राज्य मध्य प्रदेश. १९५७ मध्ये पुन्हा गेल्या तेव्हा राज्य मुंबई. शहर तेच.