उन्हाळ्यात स्वतः स्पर्धा खेळायला निघालेल्या कोचनो, या चुका टाळा

मार्च संपत आला की मला ठरावीक फोन येऊ लागतात. फोन करणारा पंचविशी-तिशीतला असतो. नागपुरातल्या कुठल्यातरी टेनिस कोर्टवर सकाळ-संध्याकाळ बॅच घेतो. ज्युनियर असताना राज्य पातळीपर्यंत खेळलेला, मग घरच्या अडचणीमुळे नाहीतर पाठीमुळे कोचिंगकडे वळलेला. "सर, यंदा उन्हाळ्यात एम१५ खेळून पाहतो. हात तर रोजच चालू आहे." एम१५ म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसमधली सगळ्यात खालच्या पायरीची स्पर्धा.

अशा प्रत्येकानं खेळावं, असं मला मनापासून वाटतं. शिकवणारा माणूस स्वतः हरून-जिंकून आला की त्याच्या शिकवण्यात फरक पडतो, हे मी स्वतः अनुभवलं आहे. पण तेच फोन, त्याच चुका, आणि जुलैत तेच पडलेले चेहरे, हे आता बघवत नाही. म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतो.

"हात तर रोजच चालू आहे"

सगळ्यात मोठी चूक या एका वाक्यात आहे. बॅचमध्ये मारलेले बॉल म्हणजे सराव नाही.

समर कॅम्पचा कोच काय करतो ते बघा. पहाटे साडेपाच ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते आठ तो कोर्टवर असतो. विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागून, जून सरता सरता उघडतात, त्यामुळे कॅम्पही लांबतो. रोज सहा-साडेसहा तास रॅकेट हातात, म्हणजे सराव भरपूर झाला असं वाटणं साहजिक आहे. पण त्या तासांत तो बास्केटमधून बॉल उचलतो आणि हलक्या हातानं, समोरच्या पोराच्या फोरहँडवर बरोबर बसेल असा टाकतो. पाय जागेवर रोवलेले, स्प्लिट स्टेप (समोरचा बॉल मारत असताना घ्यायची छोटी उडी) नाही. बॉल महिनोन्‌महिने वापरून केस गेलेले आणि नरम पडलेले. सर्व्ह करायची वेळ आलीच तर सर्व्हिस लाइनवर उभं राहून अर्ध्या हातानं. दिवसभरात मारलेल्या प्रत्येक फटक्यामागे एकच हेतू असतो, समोरच्याला तो परत मारता यावा. मॅचमध्ये नेमकं याच्या उलट करायचं असतं.

मी हे माझ्या पहिल्या क्वालिफाइंग मॅचमध्ये, म्हणजे मेन ड्रॉच्या आधीच्या पात्रता फेरीत, शिकलो. तेव्हा मी २९ वर्षांचा होतो आणि कोचिंगला आठ वर्षं झाली होती. समोर अठराचा मुलगा, सर्व्हिस चांगली, बॅकहँड साधारण. दुसऱ्याच गेमला ३०-३० असताना तो एका आखूड बॉलवर नेटपाशी धावत आला. त्याचा अप्रोच, म्हणजे नेटकडे येताना मारलेला फटका, फसला होता. माझ्या डाव्या हाताला अख्खं अर्धं कोर्ट मोकळं. मी आरामात बॉलखाली पोचलो, खांदा वळवला आणि बॉल मारला तो थेट त्याच्या रॅकेटवर. कमरेच्या उंचीवर, मध्यम वेगात, अंडर-१२ च्या मुलांना व्हॉली शिकवताना देतो अगदी तसा. त्यानं तो सहज टाकून दिला. मला वाटलं, घाई झाली. पुढच्या अर्ध्या तासात असं आणखी तीनदा झालं. मॅच ६-२, ६-१ गेली. रात्री मित्रानं मोबाइलवर काढलेला व्हिडिओ खोलीत बसून पाहिला, तेव्हा कळलं की घाईबिई काही नव्हती. आठ वर्षांत हाताला जे वळण लावलं होतं, हात तेच करत होता.

तेव्हापासूनची माझी पद्धत सांगतो. बॅचच्या आधीचा एक तास माझा. कोर्टचे लाइट लावून, उजाडायच्या आधी. त्या तासात बास्केटला हात लावायचा नाही. नवा डबा फोडायचा, तीन बॉल घ्यायचे आणि तेच वेचून खेळायचं. पहिली वीस मिनिटं सर्व्ह, त्यातही निम्म्याहून जास्त सेकंड सर्व्ह, कारण कोचची सगळ्यात आधी मोडते ती सेकंड सर्व्ह. उरलेला वेळ स्कोअर मोजून पॉइंट. समोर कोणी नसेल तर क्लबातल्या जुन्या मार्करला (मेंबरांबरोबर खेळायला ठेवलेल्या माणसाला) पैसे देऊन उभं करा, पण त्याला आधीच सांगा, "भाऊ, मला खेळवू नको, हरव." मार्करची सवयही आपल्यासारखीच असते, मेंबरला बॉल नीट द्यायची. तेही जमत नसेल तर बॅचमधली दोन मोठी मुलं एका बाजूला आणि तुम्ही एकटे दुसऱ्या बाजूला. दोघांनी अडवलेल्या कोर्टात मोकळी जागा बघून मारायचं म्हणजे जागा शोधायची सवय परत येते.

आणि स्पर्धेच्या तीन आठवडे आधीपासून फीडिंग, म्हणजे मुलांना बॉल टाकायचं काम, असिस्टंटकडे द्या. रोजचे हजारेक बॉल टाकून दुखरा झालेला खांदा घेऊन सर्व्ह करायला जाऊ नका.

"दोन आठवड्यांत होईल का?" असं विचारणाऱ्यांना मी सरळ नाही म्हणतो. मला स्वतःला आठ आठवडे लागतात. आपल्या बॅचमधल्या मुलाच्या वडिलांनी "सर, पंधरा दिवसांत टॉपस्पिन येईल ना?" असं विचारलं तर आपण काय उत्तर देतो? तेच उत्तर स्वतःला द्या.

गुरुवारची संध्याकाळ

आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) या स्पर्धांना आधी आयपिन, म्हणजे खेळाडूचा नोंदणी नंबर, काढावा लागतो, टेनिसमधल्या भ्रष्टाचाराविरुद्धचा ऑनलाइन कोर्स पुरा करावा लागतो, आणि मग नाव देता येतं. हे सगळे करतात. चुकते ती वेळ. स्पर्धेच्या आठवड्यातल्या सोमवारच्या १८ दिवस आधीचा गुरुवार ही एंट्रीची शेवटची तारीख, आणि वेळ ग्रीनविचची दुपारी दोनची. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. नाव मागे घ्यायचं असेल तर १३ दिवस आधीचा मंगळवार, वेळ तीच.

साडेसातला नागपुरातला कोच काय करत असतो? संध्याकाळच्या शेवटच्या बॅचला बॉल वेचायला सांगत असतो. माझ्याकडे फीडिंगला असलेल्या एका मुलानं 'आज शेवटची तारीख' एवढंच ध्यानात ठेवलं होतं. आठला कोर्ट बंद करून, घरी जाऊन जेवला आणि साडेनऊला लॅपटॉप उघडला. यादी बंद झाली होती. त्या वर्षी त्यानं सहा महिने पैसे साठवले होते. तो मला फोनवर एवढंच म्हणाला, "सर, मला वाटलं रात्री बारापर्यंत असते." त्या मुलाचा आवाज अजून कानात आहे.

मागे घ्यायच्या मंगळवारचंही तसंच. वेळ टळली की उशिरा माघार अशी नोंद नावावर पडते आणि दंडही बसू शकतो. मी दोन्ही दिवसांचा अलार्म संध्याकाळी पाचचा लावतो, साडेसातचा नाही. बॅच सुरू होण्याआधी काम संपवायचं.

"आम्हाला उन्हाचं काय सांगता, आम्ही नागपूरचे"

हे वाक्य ऐकलं की मला भीती वाटते. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की आपण काय करतो? सकाळी नऊला कोर्ट बंद करतो, कूलरसमोर आडवे होतो, संध्याकाळी ऊन उतरल्यावर बाहेर पडतो. दुपारी बर्डीवर, सीताबर्डीच्या बाजारात, जावंच लागलं तर डोक्याला दुपट्टा गुंडाळून जातो. हे शहाणपणाचंच आहे. पण याचा अर्थ नागपूरचा माणूस ऊन चुकवायला शिकलेला असतो, उन्हात दोन तास पळायला नाही. शरीर उन्हाला सरावायला दहा ते चौदा दिवस लागतात, तेही रोज थोडा वेळ उन्हात कष्ट केले तर. मग घाम लवकर सुटतो, त्यातून मीठ कमी जातं, रक्तातलं पाणी वाढतं. पहाटेच्या बॅचमध्ये यातलं काहीच होत नाही.

दुसरी गोष्ट, आपलं ऊन कोरडं. घाम आला की लगेच वाळतो, किती गेला ते कळतही नाही. समुद्रकाठच्या गावी घाम अंगावरच राहतो आणि अंग थंड होत नाही. उन्हाळ्यात एम१५ खेळायला बरेच जण ट्युनिशियातल्या मोनास्तीरला जातात, कारण तिथे वर्षभर आठवड्यामागून आठवडे स्पर्धा असतात. तेही समुद्रकाठीच आहे.

जूनमध्ये अशाच एका किनाऱ्यावरच्या शहरात मी क्वालिफाइंगची मॅच खेळत होतो. दुपारचा एक वाजलेला. पहिला सेट मी घेतला होता, दुसऱ्यात ४-४. सर्व्ह टाकून खाली उतरलो आणि डावी पोटरी दगडासारखी झाली. लंगडत पॉइंट पुरा केला. पुढच्या सर्व्हला बॉल उसळवायला गेलो तर उजव्या हाताची बोटं ग्रिपवरून सुटेनात. डाव्या हातानं एकेक बोट उलगडून रॅकेट सोडवली. फिजिओला बोलवा म्हटलं, तेव्हा चेअर अंपायरनं नियम सांगितला की पेटक्यांसाठी मेडिकल टाइमआउट मिळत नाही, उपचार होतात ते फक्त बाजू बदलताना, त्या ९० सेकंदांत. हा नियम मला माहीत असायला हवा होता. सेट ४-६ गेला आणि तिसऱ्या सेटऐवजी खेळायचा दहा पॉइंटचा मॅच टायब्रेक ३-१० असा संपला.

त्या दिवशी मी सकाळपासून चार लिटर पाणी प्यायलो होतो, नुसतं पाणी. टोपीवर मिठाचे पांढरे डाग पडले होते आणि मी ते मळ समजत होतो.

आता मी प्यायचं मीठ-साखरेचं पाणी घरीच करतो. एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. लिंबू चवीपुरतं. सरावाआधी आणि नंतर वजन करतो. एक किलो कमी झालं म्हणजे साधारण लिटरभर घाम गेला, मग मॅचमध्ये किती प्यायचं याचा अंदाज येतो. निघण्याआधीचे दोन आठवडे सकाळी नऊनंतर रोज थोडा वेळ उन्हात खेळतो. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं, मग हळूहळू वाढवत. उष्णतेच्या लाटेचा इशारा असेल त्या दिवशी अजिबात नाही, आणि बॅचच्या मुलांना यात कधीच ओढत नाही.

एक शॉर्टकट मात्र मला सहनच होत नाही. आपल्याकडे ऊन लागलं की ओळखीच्या डॉक्टरकडे जाऊन सलाईन लावून घ्यायची पद्धत आहे. "एक बाटली चढवली की उद्या टकाटक." खेळाडूला हे चालत नाही. बारा तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त द्रव शिरेतून घेणं जागतिक उत्तेजकविरोधी नियमांत निषिद्ध आहे, मग त्या बाटलीत साधं मीठ-पाणी का असेना. हॉस्पिटलात खरोखर उपचार चालू असतील तर गोष्ट वेगळी. जिममधल्या मित्रानं दिलेली पावडर आणि लेबल नसलेलं चूर्ण यांनाही तोच न्याय. माहीत नसेल तर तोंडात टाकू नका.

आणखी काही, थोडक्यात

रॅकेट गाडीच्या डिकीत ठेवू नका. नागपूरच्या मे महिन्यात डिकीत पॉलिएस्टर गट (रॅकेटच्या तारा) दुपारभरात सैल पडतो. मी गटिंग स्पर्धेच्या गावी पोचल्यावर करतो आणि गरम हवेत तारांचं टेन्शन (ताण) एक-दोन पौंड वाढवतो, कारण बॉल उडतो.

नवे शूज स्पर्धेत पहिल्यांदा घालू नका.

मॅच चालू असताना समोरच्याच्या चांगल्या फटक्यावर तोंडातून "गुड शॉट" निघत असेल तर निघू द्या. पण पुढच्या पॉइंटला त्याचा एल्बो किती वर आहे याचं निरीक्षण करू नका. दोन पॉइंटमध्ये २५ सेकंद मिळतात, ती स्वतःसाठी वापरा.

पैशांसाठी जाऊ नका. एम१५ च्या मेन ड्रॉमध्ये पहिल्या फेरीत हरलं तर दीडशे डॉलरच्या आसपास मिळतात, त्यातून कर जातो. पहिली फेरी जिंकली तर एटीपीचा, म्हणजे पुरुषांच्या जागतिक क्रमवारीचा, एक पॉइंट. कॅम्पची बुडालेली फी त्यातून निघणार नाही. हे घरी आधीच सांगा.

"बोपण्णा ४३ व्या वर्षी नंबर वन झाला ना," असं म्हणून स्वतःची समजूत घालू नका. जानेवारी २०२४ मध्ये रोहन बोपण्णा डबल्समध्ये पहिल्या क्रमांकावर पोचला, मॅथ्यू एब्डनबरोबर ऑस्ट्रेलियन ओपनही जिंकला, आणि त्याचा मला फार अभिमान आहे. पण तो माणूस वीसेक वर्षं टूरवर खेळत राहिला होता. तुम्ही-आम्ही त्याच काळात बास्केट उचलत होतो. त्याच्या वयाकडे बघण्याआधी त्या वर्षांकडे बघा.

हरल्याबरोबर परतीचं तिकीट काढणं

ही शेवटची चूक, आणि जवळजवळ सगळे करतात. क्वालिफाइंग हरलं की दुसऱ्या दिवशी बॅग भरून नागपूरला परत. कारण बॅच थांबलेली, पालकांचे मेसेज सुरू, "सर, कधी येऊन राहिले?"

पालकांना फेब्रुवारीतच तारखा द्या आणि त्यात पूर्ण आठवडा धरा. तुमच्या जागी कोण शिकवणार तेही नावानिशी सांगा. मग हरल्यावर तिथेच थांबा. नागपुरात वर्षभर शोधून मिळणार नाहीत असे पार्टनर त्या एका आवारात मोकळे फिरत असतात, आणि त्यांनाही सरावाला कोणीतरी हवं असतं. डबल्सला जोडीदार शोधा. नाही मिळाला तर प्रॅक्टिस कोर्टच्या पाटीवर आपलं नाव लिहा. ज्या अठराच्या मुलानं मला ६-२, ६-१ हरवलं होतं, त्याला मी दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी गाठलं आणि विचारलं. तो लगेच हो म्हणाला. पुढचे तीन दिवस सकाळी सातला आम्ही एका कोपऱ्यातल्या कोर्टवर स्कोअर मोजून खेळलो. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा एका आखूड बॉलवर नेटपाशी आला, आणि या वेळी मी मोकळ्या कोपऱ्यात मारला.